वर ढग, खाली कोरडं
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज मला आभाळावर बोलायला सांगितलंय. काहींच्या मनात येईल, भावाचा प्रश्न सोडून ढगांचं इथं काय काम? बियाण्याची पिशवी एकाच हंगामात दुसऱ्यांदा विकत घ्यावी लागली की काय काम ते कळतं.

आधी माझी चूक सांगतो. साल २००९. शेतकीची पदवी खिशात होती आणि मी जालना जिल्ह्यात गावोगाव सल्ला देत फिरत होतो. त्या वर्षी मान्सून २३ मेलाच केरळात आला आणि पुढं अडकला. जूनमध्ये एका रात्री चंद्राला मोठं खळं पडलं. सकाळी सूर्यावर पातळ दुधी पडदा. पुस्तकात शिकलो होतो, खळं दिसलं की दीड दिवसात पाऊस. पारावर बसून ठणकावून सांगितलं, पेरा. वीसेक जणांनी सरकी टोबली. पाऊस आलाच नाही. देशभर तो जून सरासरीच्या निम्म्यावर राहिला. सरकी मातीत भाजून निघाली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला एवढंच विचारलं, "साहेब, ते ढग कुठून कुठं चालले होते, पाह्यलं होतं का?" मी पाहिलं नव्हतं.

पुस्तक खोटं नव्हतं. ते इंग्लंडच्या आभाळाचं होतं. ढगांना सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावं दिली ती १८०२ साली लंडनच्या ल्यूक हॉवर्डनं. तिकडं ऊबदार हवा थंड हवेच्या अंगावर हळूहळू चढत जाते. आधी उंचावरचे ढग दिसतात, मग खालचे, मग पाऊस. आपल्याकडचा मृगाचा पाऊस असा रांगेनं येत नाही.

उंच ढग म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. आपल्या भागात साधारण सहा किलोमीटरच्या वर जे ढग असतात, त्यांत पाण्याचे थेंब नसतात, बर्फाचे बारीक कण असतात. पिंजलेल्या कापसाच्या बटांसारखे दिसतात ते सिरस. सगळ्या आभाळावर पातळ मलमल पसरल्यासारखा दिसतो तो सिरोस्ट्रेटस. खळं यातच पडतं. बारीक दाण्यादाण्यांचा असतो तो सिरोक्युम्युलस. या तिघांतला एकही तुमच्या शेतात थेंब टाकू शकत नाही. त्यांतून बर्फाचे कण सुटले तरी वाटेतच विरून जातात.

मग पावसाळ्यात ते येतात कुठून? पुष्कळदा बंगालच्या उपसागराकडच्या किंवा पूर्वेकडच्या गडगडाटी ढगांतून. असा ढग चढत चढत गेला की त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो, आणि उंचावरचं वारं तो माथा ओढून शेकडो किलोमीटर लांब नेतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर दिसतं ते दुसऱ्याच्या पावसाचं उरलंसुरलं.

आता त्या म्हाताऱ्याचा प्रश्न. उन्हाळ्यात आपल्याकडं उंचावरचं वारं पश्चिमेकडून पूर्वेला वाहतं. मान्सून बसला की ते उलटं होतं: खालचे काळे ढग पश्चिमेकडून येतात आणि फार उंचावरचे पांढरे ढग पूर्वेकडून पश्चिमेला जातात. विजेच्या खांबाच्या टोकाशी नजर लावून दहा मिनिटं उभं राहा, दिशा कळते. जूनमध्ये वरचे ढग अजून पूर्वेलाच पळत असतील तर पेरणीची घाई करू नका. उलटे फिरले म्हणजे उद्याच पाऊस, असंही नाही. मान्सूनची वरची घडी बसली, एवढंच त्यातून कळतं.

ढग उंच आहे की मधला, हे कसं ओळखायचं? सावली बघा. पडद्याआडूनही तुमची सावली जमिनीवर पडत असेल तर ढग उंचावरचा. सूर्य घासलेल्या काचेआड असल्यासारखा दिसतो आणि सावली पडत नाही, तर तो मधल्या थरातला, जरा लक्ष ठेवावं असा. दाण्यादाण्यांचे ढग असतील तर हात लांब करून करंगळी धरा. दाणा करंगळीआड लपला तर उंचावरचा. खळ्याचंही माप आहे. लांब केलेल्या हाताची वीत चंद्रापासून कड्यापर्यंत साधारण पुरली तर ते बर्फाचं खळं. चंद्राला चिकटून छोटं तेजाचं वलय असेल तर ते पाण्याच्या थेंबांचं, खालच्या पातळ ढगातलं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिशेब वेगळा. तेव्हा पश्चिमेकडून येणारे उंच ढग दिवसभरात दाट होत खाली उतरत असतील तर काढलेला हरभरा, गहू झाका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विसरला नसालच.

आता सरकारी अंदाजाकडं येऊ. कृषी हवामान पत्रकात ढगांचा एक आकडा असतो, आठ भागांपैकी किती आभाळ झाकलेलं ते. सात असा आकडा वाचून आपण द्राक्षावर फवारणी काढतो. पण तो ढग उंच की खालचा, हे आकडा सांगत नाही. नुसत्या उंच पडद्यानं पान भिजत नाही. फवारणीचा खर्च मात्र आपल्याच डोक्यावर. तसंच 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ थोडा पाऊस असा नाही. शंभरातल्या पंचवीसपर्यंत केंद्रांवर पाऊस, बाकीची कोरडी. तुमचं गाव कोणत्या वाट्यात, ते पत्रक सांगत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकोनाचं नवं भारत पूर्वानुमान आलं. चांगलं झालं. पण त्या एका चौकोनात जवळजवळ नऊ हजार एकर बसतात. आणि अंदाज शेतकऱ्याच्या भाषेत उतरवून सांगणारी १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं सरकारनं २०२४ मध्ये बंद केली! आकडा बारीक करायचा आणि सांगणारा माणूस काढून टाकायचा, हा कुठला शहाणपणा?

त्याच २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत आला. मेमधल्या पावसावर कित्येकांनी तिफण बाहेर काढली. मग जूनच्या मध्यापर्यंत तो जागचा हलला नाही. तेव्हाही हवामान खातं 'घाई करू नका' म्हणत होतं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून चांगली ओल झाल्याशिवाय पेरू नये, हे विद्यापीठं सांगतात ते खरं आहे. पण ते मिलिमीटर तुमच्या रानातले हवेत, मंडळाच्या केंद्रावरचे नव्हेत. सरळ कडेचा डबा उघड्यावर ठेवा, सकाळी पट्टीनं मोजा. डब्यात एक सेंटिमीटर म्हणजे एकरावर चाळीस हजार लिटर पाणी.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं एक वही आणायची. तारीख, उंच ढग कुठून कुठं गेले, सावली पडली की नाही, डब्यात किती भरलं आणि पत्रकात काय छापलं होतं, एवढे रकाने पुरेत. वही कोण लिहिणार, त्याचं नाव आज इथून उठायच्या आधी माझ्याकडं द्या.