वन्यजीव कचेरीचा पत्ता : आपली अडचण व आपली मागणी

(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत, उटनूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमचा विषय ऐकून बाहेर चहाच्या वेळी दोघा-तिघांनी विचारले, "कचेरीचा पत्ता हा काय भाषणाचा विषय झाला?" बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे बसल्यावर हा प्रश्न पडत नाही. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला की पेन्शन कुठे जाऊन पडते आणि ती परत आणताना म्हाताऱ्या माणसाची काय दशा होते, ते आम्ही रोज पाहतो. बी.कॉम.ला हे कोणी शिकवले नाही, काउंटरने शिकवले.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचा मूळ वाडा जैनूरकडच्या गावात. ओसरीत काळविटाच्या शिंगांची एक जोडी आणि सागवानी पेटीत बिबट्याचे एक कातडे. दोन्ही आजोबांच्या काळातले, म्हणजे निजामाच्या राजवटीतले. आपल्यापैकी बऱ्याच जुन्या घरांत अशी एखादी वस्तू आहे हे आम्ही जाणतो, नावे घेत नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. वडिलांनी त्याप्रमाणे वस्तू जाहीर करून मालकीचे प्रमाणपत्र घेतले. तो कागद त्यांनी जमिनीच्या पट्ट्यांइतकाच जपला.

२०१७ साली वडील वारले. तेराव्याच्या दिवशी वकिली करणाऱ्या एका नातलगाने विचारले, "वारसाची नोंद केली का?" शेताची करायची होती, बँकेतली करायची होती. शिंगांची सुद्धा करावी लागते हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्या कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली, तिच्यात कलम ४० मध्ये हे घातले आहे. अशी वस्तू वारसाहक्काने आली तर वारसाने नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे तसे जाहीर करायचे. त्यानंतर चौकशी होते आणि प्रमाणपत्र वारसाच्या नावावर मिळते.

आम्ही विसाव्या दिवशी अर्ज लिहिला, जुन्या कागदपत्रांत ज्या कार्यालयाचा पत्ता होता तिथे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला आणि निश्चिंत झालो. बावन्नाव्या दिवशी पाकीट परत. वर पोस्टमनच्या हातचे तीन शब्द : "कार्यालय येथे नाही." मग आम्ही रजा टाकून स्वतः निघालो. एका कार्यालयात सांगितले की हे काम आमचे नाही, तुमचे गाव आता दुसऱ्या जिल्ह्यात. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले की फाइल जुन्या जिल्ह्याकडेच असेल, तिकडे जा. तिसऱ्या ठिकाणी पाटी होती, पण कुलूप होते आणि पाटीवरच्या फोनवर घंटाही वाजत नव्हती. चौऱ्याऐंशीव्या दिवशी एका भल्या माणसाने अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली. सहा दिवस उरले होते. ती पोच आज आम्ही सोबत आणली आहे. सभेनंतर पाहायला मिळेल.

सहा दिवस गेले असते तर काय झाले असते? याच कायद्याचे कलम ५७ असे सांगते की अशी वस्तू एखाद्याच्या ताब्यात सापडली तर तो ताबा बेकायदा आहे असेच धरले जाईल, तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावर. काळवीट आणि बिबट्या हे पहिल्या अनुसूचीतले प्राणी, त्यांच्या बाबतीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद. शिकाऱ्याला, तस्कराला ही शिक्षा हवीच, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण वेळेत टपाल टाकलेल्या माणसाने कचेरी हलली म्हणून या कलमाच्या तावडीत यावे का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ही गडबड का होते ते समजून घेऊ. आपण इथले जुने रहिवासी, घर सोडून कुठे गेलो नाही, तरी आपले पत्ते बदलत आले. १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थान आणि मग हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण आंध्र प्रदेशात गेलो आणि आपल्याच जिल्ह्याचे किनवट व राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. कित्येकांच्या आत्या, मावश्या एका रात्रीत परराज्यातल्या झाल्या. २ जून २०१४ ला तेलंगणा झाले. ११ ऑक्टोबर २०१६ ला आदिलाबादचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर आदिलाबादेत राहिले. जैनूर, सिरपूर हाकेच्या अंतरावर, पण ते आसिफाबादेत. जन्नारम मंचेरियालात आणि कडेम निर्मलमध्ये. २०१२ साली जाहीर झालेला कवाल व्याघ्र प्रकल्प या चारही जिल्ह्यांत पसरलेला आहे. गाड्यांच्या पाट्या ए.पी.च्या टी.एस. झाल्या, २०२४ मध्ये टी.एस.च्या टी.जी. झाल्या. गाडीच्या पाटीसाठी सरकारने केवढी दवंडी पिटली! कचेऱ्यांच्या पत्त्यासाठी तेवढी पिटलेली आम्ही तरी ऐकली नाही.

आता सरकारची बाजूही सांगतो, नाहीतर भाषण एकतर्फी होईल. आपल्याकडे कायद्यात पत्ता लिहीत नाहीत, पद लिहितात. "मुख्य वन्यजीव रक्षक" एवढेच. १८९७ चा साधारण परिभाषा अधिनियम म्हणतो की पदाचे नाव लिहिले की ते काम पाहणारा जो कोणी असेल त्याला ते लागू, त्याच्यामागून येणाऱ्यालाही लागू. राज्य बदलले तेव्हा २०१६ च्या अनुकूलन आदेशाने जुन्या राज्याच्या कायद्यांत "आंध्र प्रदेश" च्या जागी "तेलंगणा" वाचण्याची सोय झाली. कागदावर काहीच अडत नाही. कचेरी भाड्याच्या इमारतीतून सरकारी इमारतीत गेली म्हणून कायदा दुरुस्त करावा लागत नाही. ही पद्धत शहाणपणाची आहे असेच आमचे मत आहे.

अमेरिकेत उलट आहे. तिथल्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या मुख्यालयाचे आणि प्रादेशिक कार्यालयांचे पत्ते नियमांच्या पुस्तकातच छापलेले असतात. संघीय नियमसंहितेचे शीर्षक ५०, भाग २. परवान्याचा अर्ज कुठे पाठवायचा तेही नियमातच. २०१४ मध्ये त्यांचे मुख्यालय आर्लिंग्टनहून फॉल्स चर्च या गावी गेले. असा पत्ता बदलला की राजपत्रात रीतसर नियम काढून जुना पत्ता खोडावा लागतो. हे काम खर्चाचे आणि किचकट, आणि नियम निघेपर्यंत पुस्तकातला पत्ता चुकीचाच. पण एक गोष्ट आहे : अमुक तारखेपासून अमुक पत्ता, हे छापील कागदावर सरकारच्या नावाने असते. नागरिकाला बोट ठेवून दाखवता येते.

आपल्याकडे पद अमर आहे, पण दरवाजा कुठे आहे ते सांगण्याची जबाबदारी कोणाची, हे कोणी विचारत नाही. तसे पाहिले तर कायदा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ४. प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपली रचना, कामे, अधिकारी यांची माहिती स्वतः होऊन प्रसिद्ध करायची आणि ती दरवर्षी अद्ययावत करायची. कोणी अर्ज करण्याची वाट पाहायची नाही. म्हणजे आम्ही जे मागणार आहोत ते नवीन काही नाही.

इथे आमच्या धंद्याचे एक उदाहरण देतो. आपल्यापैकी पुष्कळांची जुनी खाती स्टेट बँक ऑफ हैदराबादेत होती. १ एप्रिल २०१७ ला ती बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आंध्रा बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत गेली. शाखांचे आय.एफ.एस. कोड बदलले. पण आंध्रा बँकेचे जुने कोड त्या दिवशी मेले नाहीत. ३१ मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे वर्षभर, जुन्या कोडवर पाठवलेले पैसेही बरोबर खात्यात पडत होते. ग्राहकाला सांगायला, पासबुके बदलायला, शेतकऱ्यापर्यंत निरोप पोचायला तेवढा वेळ लागतोच. त्या वर्षात आम्ही काउंटरवर एकच वाक्य किती हजार वेळा बोललो असू, देव जाणे. पण पैसे कोणाचे बुडाले नाहीत.

माहितीच्या अधिकारातही अशीच सोय आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६ प्रमाणे त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा आणि अर्जदाराला कळवायचे. "हे आमचे नाही" म्हणून परत करायचा नाही. माहिती मागणाऱ्याला जी सवलत आहे ती नव्वद दिवसांच्या आत आपले घर निर्दोष ठेवू पाहणाऱ्याला का नसावी?

हा फक्त वाड्यांतल्या शिंगांचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये किनवटकडचा एक वाघ जोडीदाराच्या शोधात निर्मल, बोथ करत आपल्या उटनूरपर्यंत आला. वर्तमानपत्रांत त्याचे नावही छापून आले, जॉनी. वाघाला हद्द नाही, कचेऱ्यांना आहे. गोठ्यातली गाय गेली तर पंचनामा कोणी करायचा, अर्ज कुठे द्यायचा, हे त्या सकाळी शोधत बसायला वेळ नसतो. २०२० च्या नोव्हेंबरात आसिफाबाद जिल्ह्यात वाघाने दोन तरुण जिवांचा बळी घेतला, ते आपण विसरलेलो नाही. मे २०२५ मध्ये त्याच जिल्ह्यात कवाल-ताडोबा पट्ट्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्राचा आदेश निघाला आणि आदिवासी बांधवांच्या विरोधामुळे जुलैत स्थगित झाला. अशा क्षेत्रासाठी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा असे कायदा सांगतो. लोकांनी आपले म्हणणे पाठवायचे ते कुठल्या दारात? आपल्या गोंड, कोलाम शेजाऱ्यांची अडचण आपल्याहून मोठी आहे, कारण त्यांच्याकडे रजेचा अर्ज टाकून तीन गावे फिरण्याची सोय नाही.

एक इशारा येथेच देतो. भावा-भावांत वाटणी झाली आणि एखादी वस्तू नागपूर, नांदेड, यवतमाळकडे नेली, तर कलम ४३ प्रमाणे तीस दिवसांत कळवावे लागते. महाराष्ट्राच्या वन्यजीव विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे, आपले हैदराबादला अरण्य भवनात. ज्यांना वस्तू ठेवायची नाही त्यांच्यासाठी २०२२ च्या दुरुस्तीने कलम ४२अ आले आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सात कामकाजाच्या दिवसांची सूचना देऊन वस्तू सरकारजमा करता येते, मोबदला मिळत नाही. ज्यांच्याकडे प्रमाणपत्रच नाही त्यांनी मात्र आमच्यासारख्या कारकुनाचा सल्ला घेऊ नये. २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची मुदत दिली होती, ती कधीच सरली. त्यांनी चांगला वकील गाठावा आणि लवकर गाठावा.

तेव्हा आपल्या मंडळातर्फे वनखात्याला आणि आपल्या लोकप्रतिनिधींना जे निवेदन द्यायचे आहे, त्यात कायदा बदला असे आम्ही म्हणत नाही. मुख्य वन्यजीव रक्षकाने कोणत्या मंडलासाठी कोणत्या अधिकाऱ्याला अधिकार दिला आहे, त्याची कचेरी कुठे, फोन कोणता, याचा एक पानी तक्ता तारखेसह काढावा. तो तेलुगू, मराठी आणि गोंडी भाषेत प्रत्येक ग्रामपंचायतीत, पोस्टात लावावा. कचेरी हलली की नवा तक्ता, आणि जुन्या पत्त्यावर किमान एक वर्ष टपाल घेण्याची व्यवस्था. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज त्यांनीच पुढे पाठवावा आणि पहिल्या कचेरीत पोचला ती तारीख नव्वद दिवसांसाठी धरावी. या शेवटच्या मागणीवर खळखळ होईल. बाकीच्या तशा राहिल्या तरी चालतील, ही सोडायची नाही.

निवेदनाच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. सही करताना आपले गाव, मंडल आणि जिल्हा लिहावा, २०१६ नंतरचा. ज्यांचे अर्ज असे परत आले असतील त्यांनी पाकिटाची झेरॉक्स येत्या रविवारपर्यंत आमच्याकडे आणून द्यावी, पोस्टाचा शिक्का स्पष्ट दिसेल अशी. मूळ पाकीट कोणालाही देऊ नये, आम्हालासुद्धा.