जुन्या मोटारींतील अनोळखी तारा

भिवंडी तालुक्यांतील अकलोली हें गांव तानसेच्या कांठच्या ऊन पाण्याच्या कुंडांमुळें मुंबईकरांच्या परिचयाचें आहे. अशा गांवीं आजोबांची अॅम्बॅसिडर पडवींत वर्षानुवर्षें झांकून ठेविलेली असावी आणि नातवास ती पुन्हां रस्त्यावर आणण्याची इच्छा व्हावी, हें स्वाभाविक आहे. परंतु डॅशबोर्डखालीं हात घालतांच दोन-तीन सुटीं टोकें हातीं येतात, आणि तीं कोठलीं हें सांगणारा जुना मेकॅनिक बहुधा हयात नसतो. अशा वेळीं 'लावून तर पाहूं' हा मोह घातक ठरतो.

१९५८ ते २०१४ या काळांत निघालेली ही गाडी मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावर बेतलेली होती. त्यामुळें तिच्या जुन्या तारांस ब्रिटिश रंगपद्धति लागू पडते. तपकिरी तार बॅटरीशीं सदैव जोडलेली. पांढरी किल्ली फिरविल्यावर सजीव होणारी. हिरवी त्यापुढें फ्यूजमधून येणारी. निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी लहान दिव्यांची आणि काळी सांगाड्यास मिळणारी. कुर्ल्यास तयार झालेली पद्मिनी फियाटच्या नमुन्याची. तिला हा नियम लावूं नये.

मात्र कोंकणच्या दमट हवेंत रंग विटतात आणि दुरुस्तींत हातीं लागेल ती तार जोडलेली असते. म्हणून रंगावरून तर्क करावा, निर्णय परीक्षेनेंच करावा. प्रथम बॅटरी सोडवून प्रत्येक टोकाचें छायाचित्र घ्यावें व त्यास चिठ्ठी बांधावी. मग मीटरनें तें टोक कोणत्या स्विचशीं वा दिव्याशीं जुळतें हें पाहावें. त्यापूर्वीं बल्ब काढून ठेवावे. अन्यथा बल्बच्या तंतूमुळें दिव्याची तार सांगाड्यास जोडल्यासारखी भासते.

नंतर बॅटरी जोडतांना मध्यें २१ वॅटचा बल्ब घालावा. १२ व्होल्टच्या गाडींत तो सुमारें पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊं देत नाहीं. सर्व स्विच बंद असतां तो प्रखर पेटल्यास कोठेंतरी तार सांगाड्यास टेकली आहे असें समजावें. ही खबरदारी अनाठायीं नव्हे: मुख्य तपकिरी तारेस बहुधा फ्यूज नसतो, आणि ती पत्र्यास लागल्यास क्षणांत सबंध जुडगा जळूं शकतो.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कांहीं टोकें कारखान्यांतूनच जादा उपकरणासाठीं मोकळीं ठेविलेलीं असतात. तीं जोडण्याचा अट्टाहास न करितां टेप गुंडाळून बांधून ठेवणें, हेंच त्यांचें योग्य उत्तर होय.