दप्तरात १४०, वहिवाटीत ७०



हिप-हॉप हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कसे जन्मले, हे आपणांस विदित आहेच. त्यात मी वेळ दवडीत नाही. त्याच कुळातील 'ट्रॅप' हा प्रकार अटलांटा शहरात वाढला. मादक द्रव्यांचा चोरटा व्यापार ज्या घरांत चाले त्यांचे हे नाव, आणि टी. आय. याच्या २००३ सालच्या 'ट्रॅप म्युझिक' या ध्वनिसंग्रहाने ते संगीताला चिकटले, एवढी नोंद पुरे. मला बोलायचे आहे ते एका आकड्याविषयी.

संगणकावर ट्रॅप रचू पाहणारा तरुण बहुधा मिनिटाला १४० मात्रा असा वेग प्रथम नोंदवतो, आणि तेच संगीत ऐकणाऱ्याची मान मात्र ७०च्या गतीने डोलते. माझे आग्रहाचे प्रतिपादन असे की, १४० ही दप्तरी नोंद आहे, वहिवाट ७०ची आहे. (हशा.) श्रोतेहो, हा शब्दच्छल नव्हे. चार मात्रांच्या आवर्तनात टाळी पडते ती एकदाच, तिसऱ्या मात्रेवर, म्हणजे सुमारे पावणेदोन सेकंदांनी एकदा. आणि जिथे टाळी इतकी सावकाश पडते तिथे लय मध्य आहे, द्रुत नाही, हे आपल्या कानांना कुणी शिकवावे लागत नाही.

मग १४० तरी कशाला? कारण घरांच्या मापात आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली आणलेल्या आणि १९८३ साली बंद केलेल्या 'टीआर-८०८' या तालयंत्रावर १६ कळा होत्या, आणि आवर्तनाची १६ घरे पाडण्याची तीच रीत पुढे संगणकातही टिकली; ७०च्या हिशेबाने एक घर सुमारे २१४ सहस्रांश सेकंदांचे होते, १४०च्या हिशेबाने १०७चे, आणि 'हाय-हॅट' या झांजेचे दाट बोल या बारीक घरांत सुखाने मावतात.

आता त्या यंत्राच्या 'किक'विषयी. माझा पुतण्या रात्री एक रचना ऐकवीत होता. खर्जाचा ठोका पडला की फडताळावरचा पितळी पेला थरथरे, पण तीन-चार ठोक्यांनंतर सारे गढूळ होई. मी तानपुऱ्याचा षड्ज लावून पाहिला, तर ठोका स्वरापासून किंचित उतरलेला! ८०८चा ठोका हा नुसता आघात नव्हे, त्याला लांब आस आहे, म्हणून त्याला स्वरही आहे. तो गीताच्या षड्जाशी जुळवावा लागतो, आणि पुढचा ठोका येण्यापूर्वी आधीची आस आवरती घ्यावी लागते. पुतण्याने ठोका चढवला, आस तोडली, आणि दोन ठोक्यांत एक स्वर दुसऱ्याकडे घसरत नेला, तेव्हा डग्ग्यावर मनगट घासून निघणारा तो घुमारा मला त्या यंत्रातून ऐकू आला, आणि त्या रात्री आम्ही दोघेही पहाटेपर्यंत झोपलो नाही.

मागच्या रांगेतून 'हे काय संगीत?' असा प्रश्न आला. महाशय, ज्या रचनेत शांततेलाही माप आहे, तिला मी दुसरे नाव देऊ शकत नाही. गीतांचा आशय हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. त्यातील हिंसेची मी वकिली करीत नाही, मी लयीची कैफियत मांडतो आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली; पाच मिनिटे उरली. ट्रॅपचा रचनाकार लेक्स लुगर याने २०१० साली 'एफएल स्टुडिओ' या प्रणालीवर बांधलेल्या रचनांचा तपशील म्हणूनच सोडतो. त्याऐवजी एक विनंती. मी १४०च्या गतीने चार मात्रा मोजतो. तिसरीवर आपण टाळी द्यावी. एक, दोन, तीन... (टाळी.) पुन्हा. (टाळी.) आता याच मात्रांत मी तोंडाने झांजेचे बोल दुप्पट करतो, मग तिप्पट, आपण टाळी सोडू नये. (टाळ्या चालू राहतात.)

ऐकलेत? बोल दाटले, टाळी जागची हलली नाही.

अध्यक्षांच्या आज्ञेप्रमाणे मी आता खाली बसतो.