धंद्याच्या वहीत आपली तब्येत कुठे आहे?

(यवतमाळ जिल्ह्यातील बचत गटांच्या मेळाव्यात, स्वतः शेती पाहणाऱ्या महिलांसमोर केलेले भाषण)



इथे जमलेल्यांपैकी बऱ्याच जणी आपली शेती स्वतः पाहतात. कुणाचा नवरा गेला, कुणाचा असून नसल्यासारखा, कुणी मक्त्याने वावर घेतलं. शेती हा धंदा आहे आणि तो आपण चालवतो. धंदा म्हटला की हिशेबाची वही आली. त्या वहीत बियाणं असतं, खत असतं, निंदणाची मजुरी असते. आपली तब्येत मात्र एकाही पानावर नसते.

2017चा खरीप आठवा. फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कपाशी माणसाच्या उंचीला आली होती, फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती. शासनाला चौकशीसाठी विशेष पथक नेमावं लागलं.

फवारा पुरुष मारतात, म्हणून तो पुरुषांचा प्रश्न ठरला. पण ड्रममध्ये पाणी कोण भरतं? विषाने भिजलेले कपडे कोण धुतं? दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला कोण उतरतं? हे विष कातडीतूनही अंगात जातं. संध्याकाळी डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली, तर आपण म्हणतो, ऊन लागलं. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. मग नोंद कुठे होणार?

आपण त्याला औषध म्हणतो. डब्यावरच्या चौकोनातला रंग पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा असला तरी ते विषच. फवारणीचे कपडे वेगळे ठेवा, हातमोजे घालून वेगळे धुवा. विष हाताने कालवू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी त्याच्या जवळही जाऊ नये. त्रास झाला तर कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि डबा किंवा त्यावरची चिठ्ठी घेऊन लगेच दवाखाना गाठा. कोणतं विष, हे कळलं तर डॉक्टरला उपचार ठरवता येतो.

तुम्ही म्हणाल, ताई, मोजे-मास्कला पैसा कुठून आणायचा? वेचणीच्या दिवसांत आठ दिवस आजारी पडलात तर काय जातं, ते एकदा वहीत मांडा. दवाखाना, गाडीभाडं, बुडालेली वेचणी. कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेतल्या कष्टकरी बायकांना हेच दिसलं. म्हणून 1992 साली त्यांनी स्वतःची विमा योजना उभी केली, आजारपणही त्यात धरलं. आपल्या गटाला निदान आजारपणाचा वेगळा निधी काढता येईल. मोजे, मास्क, चष्मे गटाने एकत्र घ्यावेत.

आणखी एक गोष्ट. मालकीण झालो की आपल्या वावरात मजूरही येतात. त्यांना साधनं न देता फवारायला लावलं, तर आपल्यात आणि कालच्या मालकात फरक तो काय? निंदायला येणारी बाई आपल्याच मोहल्ल्यातली असते. फवारलेल्या वावरात तिलाही लगेच उतरवू नका.

नव्या हंगामाची वही उघडाल तेव्हा बियाण्याच्या आधी पहिली ओळ तब्येतीची लिहा. गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्या वह्या एकत्र वाचू.