व्हिडिओतल्या माणसावर किती विश्वास ठेवायचा?



स्ट्रॉबेरीचा जॅम, मध, सरबतं आपण गटात करतो. आता गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर आधी फोटो मागतं. म्हणून कॅमेरा, मोबाइलचा स्टँड, रिंग लाइट घ्यायचा विषय बैठकीत निघतो. मग कुणाचा तरी मुलगा यूट्यूबवर व्हिडिओ लावतो आणि म्हणतो, "हाच घ्या." पैसे गटाच्या बचतीचे. तेव्हा सांगणारा विश्वासाचा आहे का, हे ओळखायचं कसं?

पहिलं बघा, त्याला पैसे कोण देतं. व्हिडिओखाली लिंक असते. तिच्यावरून आपण खरेदी केली, की बऱ्याचदा त्याला कमिशन मिळतं. कधी कंपनी वस्तू फुकट देते. शेतीच्या औषधांच्या दुकानात जास्त कमिशनची बाटली पुढे केली जाते, तसंच हे. कमिशन घेणारा प्रत्येक जण खोटा नसतो, पण त्याने ते सांगायला हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना दिल्या आहेत. पैसे किंवा वस्तू घेतली असेल, तर तसं व्हिडिओतच, ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत, स्पष्ट सांगायचं. खाली बारीक अक्षरात लिहून भागत नाही.

दुसरं, तो वस्तूची खोड सांगतो का? प्रत्येक कॅमेऱ्यात काहीतरी कमी असतंच. ज्याला सगळेच कॅमेरे "एक नंबर" वाटतात, त्याचा आपल्याला उपयोग नाही.

तिसरं, पुरावा. त्याच कॅमेऱ्याने स्वतः काढलेले फोटो तो दाखवतो का? काचेच्या बाटलीवर चमक येते का, स्ट्रॉबेरीचा लाल रंग खराखुरा दिसतो का, ते बघा.

चौथं, किती दिवस वापरून बोलतो? खोकं उघडल्या दिवशी सगळंच छान दिसतं. आपल्या महाबळेश्वरात पावसाळाभर धुकं आणि ओल. अशा हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. कोरड्या खोलीत बसून बोलणाऱ्याला ती अडचण येतच नाही. त्यापेक्षा पॉइंटवर पर्यटकांचे फोटो काढणाऱ्या एखाद्या दादांना विचारा, "दोन पावसाळे हा टिकला का? दुरुस्ती कुठं होते?"

आणि एक. नवा कॅमेरा आला, की एकाच दिवशी दहा जण तेच गुण सांगतात. बऱ्याचदा कंपनीने सगळ्यांना एकदमच वस्तू आणि माहिती पाठवलेली असते. म्हणून दहा व्हिडिओ म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

तेव्हा पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न वहीत लिहा. दोघींनी वेगवेगळे व्हिडिओ बघून उत्तरं आणावीत, मगच ठराव करा. तोवर हातातल्या मोबाइलची लेन्स मऊ फडक्याने पुसा आणि दाराजवळच्या उजेडात फोटो काढून बघा. कदाचित तेवढ्यावरही भागेल. खरेदीत फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. बिल मात्र जपून ठेवा.