अर्धा तास मनात



मी सॅपर. तीस वर्षांहून अधिक काळ फौजेत पूल बांधले, सुरुंग काढले, आणि निवृत्तीनंतर बडोद्यात स्थायिक झालो. आता एकच छंद उरलाय. माझ्याकडे नऊ घड्याळं आहेत. सगळी जुनी, सगळी टायटॅनियमची, सगळी पाणबुड्यांसाठी बनवलेली, आणि बहुतेकांना दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा एक जास्तीचा काटा आहे. आमची सौ. त्यांना नवग्रह म्हणते, कारण त्यांची शांत करायला खर्च येतो.

लोक विचारतात, कर्नलसाहेब, मोबाइलवर सगळ्या जगाची वेळ दिसते, मग हे कशाला? उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल.

आधी टायटॅनियमचं सांगतो. हा धातू पोलादापेक्षा जवळजवळ निम्म्या वजनाचा. खाऱ्या पाण्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही, चुंबक त्याला ओढत नाही, आणि त्वचेला सहसा त्रास होत नाही. पण त्याला आकार देणं अवघड. म्हणून घड्याळात तो उशिरा आला. 1970 मध्ये जपानच्या सिटिझनने पहिलं टायटॅनियमचं मनगटी घड्याळ काढलं. त्याच्या दोन वर्षं आधी, 1968 मध्ये, हिरोशिमाजवळच्या कुरे गावातल्या एका पाणबुड्याने सेइको कंपनीला पत्र लिहिलं होतं की खोल पाण्यात राहून काम करताना तुमची घड्याळं टिकत नाहीत. एका ग्राहकाचं एक पत्र! त्यावर इकुओ तोकुनागा या अभियंत्याच्या हाताखाली सात वर्षं काम झालं आणि 1975 मध्ये 600 मीटरचं टायटॅनियमचं घड्याळ बाहेर आलं. 1982 मध्ये आयडब्ल्यूसी आणि पोर्शे डिझाइन यांनी मिळून 2000 मीटरचं ‘ओशन 2000’ काढलं. त्याचेच भाऊबंद जर्मन नौदलाच्या सुरुंग काढणाऱ्या पाणबुड्यांसाठी बनले, कारण चुंबकी सुरुंगाजवळ लोखंड चालत नाही. सुरुंग काढलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

आता दुसरा काटा. 1950च्या दशकात लांब पल्ल्याच्या वैमानिकांसाठी तो आला. हा काटा दिवसातून एकच फेरी मारतो, चोवीस तासांत. पाणबुड्याच्या घड्याळावर मात्र त्याची अडचण होते. पाणबुड्याला बाहेरच्या फिरत्या कड्यावर मिनिटं हवी असतात. ते कडं एकाच दिशेला फिरतं, म्हणजे चुकून धक्का लागला तरी पाण्यात गेलेला वेळ जास्तच दिसेल, कमी नाही. वैमानिकाला त्याच कड्यावर चोवीस तास हवे असतात. एका कड्यावर दोन मालक! म्हणून दोन्ही कामं करणाऱ्या घड्याळात चोवीस आकडे आत, तबकडीच्या काठावर ढकलावे लागतात. अशी घड्याळं कमी बनली. त्यात टायटॅनियमची आणखी कमी.

माझं पहिलं असं घड्याळ मला काँगोत मिळालं. 2006 साल. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत मी गोमाला होतो, किवू सरोवराच्या काठावर. उरुग्वेच्या तुकडीतला एक अधिकारी घरी निघाला होता, त्याने मला ते विकलं. त्याचा दुसरा काटा माँटेव्हिडिओवर होता, गोमाच्या पाच तास मागे. मी हौसेने तो भारतावर आणायला गेलो आणि अडकलो. काटा एका टिचकीला एक तास सरकतो, आणि मिनिटकाटा दोघांचा एकच. गोमा आणि भारत यांच्यात अंतर साडेतीन तासांचं. जगातल्या बहुतेक घड्याळजींच्या हिशेबात आपला अर्धा तास बसतच नाही. नेपाळी पलटणीतले मित्र हसायचे, ‘साहेब, आमचा तर पाऊण तास आहे.’

मग मी एक पद्धत ठरवली. काटा तीन तास पुढे, अर्धा तास मनात.

ही पद्धत पाच महिने चालली. मग बडोद्याला वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. सकाळी साडेआठला त्यांना आत नेणार होते. त्याआधी फोन करायचा म्हणून मी सव्वाआठची वेळ धरली. आदली रात्र आम्ही वाहून गेलेला रस्ता दुरुस्त करण्यात काढली होती. तंबूत आलो, काट्याकडे डोळे लावून बसलो, सव्वाआठ दिसले आणि नंबर लावला. आईने उचलला. म्हणाली, ‘अरे, पंधरा मिनिटं झाली त्यांना आत नेऊन. दारापर्यंत विचारत होते, फोन आला का.’

मनातला अर्धा तास मनातच राहिला होता.

वडील सुखरूप बाहेर आले. पुढे आठ वर्षं होते. जेवायला उशीर झाला की मला म्हणायचे, ‘असू दे, तू काँगोच्या वेळेवर आहेस.’ हसायचे. मीही हसायचो. पण ते घड्याळ मी कधी विकलं नाही, ते का, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आता माझी दुसरी चूक. ही तुमच्या उपयोगाची आहे.

वडील गेल्यानंतर तीन वर्षांनी आम्ही तारकर्लीला गेलो. मी तेच घड्याळ घालून समुद्रात उतरलो. खोल नाही, तोंडात नळी घेऊन वरवर पोहणं. तबकडीवर 200 मीटर लिहिलेलं, मग भीती कसली? संध्याकाळी काचेखाली धुकं. मी ते रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवलं, आणि तीन दिवसांनी बडोद्याला पोचलो तोवर मिठाने आतलं सर्किट खाऊन टाकलं होतं. आमचे म्हातारे घड्याळजी मागचं झाकण उघडून म्हणाले, ‘कर्नलसाहेब, 200 मीटर लिहिलंय ते वाचलंत. कधी लिहिलंय ते वाचलंत का?’

रबराची रिंग वाळून कडक झाली होती. धातू टिकला, रबर गेलं. टायटॅनियमच्या घड्याळातही पाणी अडवतं ते रबरच.

तेव्हापासून मी जुनं घड्याळ घेताना चार गोष्टी बघतो.

एक, झाकण आणि चावीचे आटे. टायटॅनियमचे आटे एकमेकांना धरून बसतात. झाकण जाम असेल तर जोर लावू नका. आधीच्या माणसाने लावलेल्या जोराच्या खुणा दिसल्या तर दोनदा विचार करा.

दोन, अंगावरचा करडा, निस्तेज रंग. जुनी टायटॅनियमची घड्याळं बहुधा अशीच असायची. चकचकीत दिसलं, कडा गोल झाल्या असल्या, तर कुणीतरी पॉलिश केलंय. ओरखडे चालतात. ते त्याच्या नोकरीचे असतात.

तीन, अंधारात चमक. तबकडीच्या तळाशी ‘टी’ अक्षर असेल तर आकड्यांवर ट्रिटियम आहे. त्याची ताकद साधारण 12 वर्षांत निम्मी होते, 25 वर्षांत चौथ्या हिश्श्यावर येते. पस्तीस वर्षांचं घड्याळ रात्रभर लखलखत असेल तर तो रंग नवा आहे, विकणारा काहीही सांगो.

चार, आतलं यंत्र. बॅटरीवर चालणारं असेल तर सर्किट मिळतं का, हे आधी विचारा, पैसे नंतर द्या.

आणि पाण्यात न्यायचंच असेल तर दर दोन-तीन वर्षांनी रिंगा बदला आणि हवेच्या दाबावर तपासून घ्या. पाणबुड्याच्या घड्याळाचं ‘आयएसओ 6425’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबावर घड्याळ तपासतात. पण ती परीक्षा ते नवं असतानाची. माझ्या दारावरही ‘कर्नल’ अशी पाटी आहे. पाटी खरी आहे, म्हणून काय आज मला पाठीवर वीस किलो घेऊन डोंगरावर पाठवाल?

ते घड्याळ परत चालू व्हायला चौदा महिने लागले. तेच यंत्र असलेलं, काच फुटलेलं एक साधं घड्याळ मिळालं, त्याचं काळीज यात बसवलं. तबकडीवर चारच्या आकड्याजवळ मिठाचा डाग राहिलाय. घड्याळजी म्हणाले, नवा रंग देऊ? मी नको म्हटलं. बाजारात त्याची किंमत निम्मी झाली असेल. बाजारात न्यायचंय कुणाला?

आता मुलगी मेलबर्नला असते. त्यांच्या थंडीत आपल्यापुढे साडेचार तास, उन्हाळ्यात साडेपाच. रविवारी ती घरी असते तेव्हा मी फोन करतो. अजून याच घड्याळात बघून करतो. काटा चार तास पुढे, अर्धा तास मनात. फक्त आता फोन लावण्याआधी तो अर्धा तास मी मोठ्याने म्हणतो. सौ. स्वयंपाकघरातून ‘हो’ म्हणते, मगच नंबर लावतो.