सूर्यावरची कारंजी



चुलीपासून जसजसे दूर जावे तसतशी धग कमी होते, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. सूर्याची तऱ्हा मात्र उलटी! त्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. पण खग्रास ग्रहणात दिसणारा त्याचा विरळ किरीट तापलेला असतो १० लाख अंशांहून अधिक. मग ही उष्णता वर पोचवतो कोण?

एक धागा सूर्यावरच्या कारंज्यांत सापडतो. १८७७ साली इटलीतील फादर सेकी यांनी त्यांचे वर्णन करून ठेवले. शास्त्रज्ञ त्यांना 'स्पिक्यूल' म्हणतात. हजारो किलोमीटर उंच उडायचे आणि पाचदहा मिनिटांत विरायचे, हा त्यांचा क्रम. त्यांत पाणी नसते, प्लाझ्मा असतो. म्हणजे इतका तापलेला वायू की त्याच्या अणूंतून विजेचे कण सुटे झालेले.

तो उडवतो कोण? गुरुजी, वर्गात कागदाखाली लोहचुंबक ठेवा आणि वर लोखंडाचा कीस भुरभुरवा. कीस रेषारेषांनी मांडला जाईल. सूर्यावरही असेच चुंबकीय क्षेत्र आहे. १९०८ साली अमेरिकेत हेल यांनी ते सौरडागांत ओळखले. सूर्याचा पृष्ठभाग रटरटत्या पिठल्यासारखा खालून वर उसळत असतो. त्या ढवळाढवळीत चुंबकीय रेषा ओढल्या जातात, पिळल्या जातात. उलट दिशेच्या रेषा जवळ आल्या, की जुनी जोडणी तुटून नवी जुळते. ताणलेली बेचकी सुटावी तशी साठलेली शक्ती मोकळी होते, आणि प्लाझ्मा वर फेकला जातो.

हा नुसता तर्क नव्हे. कॅलिफोर्नियातील बिग बेअर वेधशाळेच्या १.६ मीटर दुर्बिणीतून केलेले वेध २०१९ साली प्रसिद्ध झाले. विरुद्ध ध्रुवाचे चुंबकत्व लहानशा जागी उमटले, की काही मिनिटांतच तेथून कारंजी उडालेली दिसली. वरचा किरीटही तापलेला आढळला. किरीटाची सारी उष्णता अशीच येते काय, याचा निवाडा मात्र अजून व्हायचा आहे.

त्या शोधात आपणही आहोत. २ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने सोडलेल्या आदित्य-एल१ यानावर पुण्याच्या आयुका संस्थेत सिद्ध झालेली 'सूट' ही दुर्बीण आहे. पृष्ठभाग आणि त्यावरचा थर यांची ती अतिनील प्रकाशात चित्रे घेते.

मुलांनो, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका. लोहचुंबकाचा प्रयोग मात्र उद्याच करा.